घाई आणि चष्मेवाला

जिन्याच्या अर्ध्यात तिच्या चष्म्याचा स्क्रू निसटला आणि डावी काच गालावर लोंबायला लागली. वेळ बघा कसली! दुसऱ्या मजल्यावर वीस मिनिटांनी तिचा आयुष्यातला पहिला क्लायंट येऊन बसणार होता, आणि चष्म्याशिवाय तिला समोरचं माणूस म्हणजे नुसता धुक्यातला खांब. ती तशीच खाली धावली. तळमजल्यावर चष्म्याचं दुकान होतं. रोज त्याच्यावरून जायची, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"हे लगेच होईल का? म्हणजे आत्ता? मला वर जायचंय, वीस मिनिटं आहेत... एकोणीस... तशी मी लवकरच निघते, पण आज—"

"बसा," चष्मेवाला म्हणाला.

"बसायला वेळ नाहीये हो."

"उभ्यानं नाही जमायचं. तुम्ही माझ्यापेक्षा उंच आहात."

ती बसली. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, चिमट्यानं तांदळाच्या कणीएवढा स्क्रू उचलला, आणि मान खाली घालून विचारलं, "वर काय करता?"

"समुपदेशन शिकते. पदवी झाली, आता हा दोन वर्षांचा कोर्स. शेवटची सहामाही आहे, खरे क्लायंट घ्यायचे. म्हणजे लोकांचं ऐकायचं. मन मोकळं करतात ना लोक, ते—"

"आणि येतं?"

"काय?"

"ऐकायला."

"अहो, छान येतं! घरी सगळे म्हणतात. म्हणजे आई नाही म्हणत, पण—"

"मी मघापासून तीनदा विचारलं, नाकावर टोचतंय का."

तिनं तोंड मिटलं. चष्मा केव्हाच नाकावर बसला होता. आणि पहिल्यांदा तो तिला नीट दिसला... बारीक चणीचा, कपाळावर भिंगाचा पट्टा, ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू. ती वर पळाली. मान गरम झालेली.

वर्गात तिला सगळे 'घाई' म्हणायचे. नाव शोभायचं. समोरच्यानं एक वाक्य बोलावं, तोवर हिचे तीन सल्ले तयार. त्या पहिल्या क्लायंटबरोबरच्या बोलण्याची टेप मॅडमनी घड्याळ लावून ऐकली.

"पन्नास मिनिटांतली चौदा मिनिटं क्लायंट बोलली. बाकीची छत्तीस कोण बोललं?"

घाईनं स्वतःकडे बोट दाखवलं.

"ती बाई सांगतेय, नवरा घरात बोलत नाही. आणि तू तिला पोहण्याचा क्लास लावायला सांगितलास?"

"माझ्या मावशीला पोहून बरं वाटलं होतं, मॅडम."

वर्ग खो खो हसला. मॅडम नाही हसल्या. "नापास. आणखी एक टेप देता येईल. महिन्याअखेरच्या शुक्रवारपर्यंत. गप्प बसायला शिक. माणूस थांबला की लगेच उडी मारू नकोस."

सांगायला सोपं आहे हो. हिच्या घरी वडील रुसले की आठ-आठ दिवस बोलायचे नाहीत. भांडी वाजायची, दारं आपटायची, पण माणूस गप्प. त्या शांततेत आता काहीतरी फुटणार असं वाटून ही लहानपणापासून बोलत सुटायची. शाळेचं, मांजराचं, काहीही. समोरचं माणूस थांबलं की आजही तिला तसंच वाटायचं. आणि आता त्या एका टेपवर सगळं टांगलेलं. पास झाली तर मोठ्या हॉस्पिटलातली जागा तिच्यासाठी धरून ठेवलेली. नापास झाली तर सहा महिने परत, आणि जागा दुसऱ्याला.

आई तर म्हणायची, "ऐकायला डिग्री कशाला लागते गं? तीस वर्षं मी तुझ्या बापाचं न बोलणं ऐकतेय, मला दिला का कुणी कागद?"

अशा जीव टांगणीला लागलेल्या दिवसांत घाईचा चष्मा फार ढिला व्हायला लागला.

"महिन्यात चौथ्यांदा," चष्मेवाला म्हणाला. "झोपेत कुस्ती खेळता का?"

"जुना झालाय."

"जुना नाही. कुणीतरी नखानं स्क्रू फिरवतंय. ही बघा खूण."

"ते... माझी भाची. तिला सवय आहे."

"किती वर्षांची?"

"सव्वीस," घाई म्हणाली, आणि जीभ चावली. स्वतःचंच वय तोंडातून गेलं होतं.

चष्मेवाल्यानं स्क्रू पक्का पिळला. "भाचीला सांगा, स्क्रू न फिरवता आली तरी चालेल."

महिन्याअखेरचा शुक्रवार आला. अडीचची वेळ, आणि सव्वादोनला फोन. ज्या बाई क्लायंट म्हणून यायच्या होत्या, त्यांच्या मुलाला ताप. दुसरं कोण मिळणार? पाच वाजता टेप द्यायची. ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली.

"एक तास आहे तुमच्याकडे? क्लायंट म्हणून बसायचं. पण काहीतरी खरं सांगावं लागतं, खोटं चालत नाही."

त्यानं तिच्याकडे बघितलं. दुकान बघायला शेजारच्याला सांगितलं आणि तिच्यामागून जिना चढला. वर तिनं पुढे केलेल्या फॉर्मवर न वाचताच सही ठोकली.

"अहो, जगाला बारीक अक्षरं वाचायला लावता, आणि स्वतः?"

"तुम्ही दिलाय ना," तो म्हणाला. "मग झालं."

फॉर्मवर एक रकाना होता. क्लायंटशी आधीची ओळख... आहे की नाही. ओळखीचं माणूस चालत नाही, हा नियमच. घाईनं घड्याळ बघितलं. तिनं 'नाही'वर खूण केली.

छोटी खोली. दोन खुर्च्या थोड्या तिरक्या, मध्ये कागदी रुमालांचा डबा, टेबलावर रेकॉर्डरचा लाल दिवा. तो बराच वेळ स्वतःच्या तळव्यांकडे बघत बसला. घाईच्या ओठांवर दहा वाक्यं येऊन गेली. तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

"माझे वडील," तो म्हणाला. "दुकान त्यांचं. त्यांची नजर चाललीय. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार आहे, नंबरानं सुधारण्यातला नाही. पण त्यांना वाटतं, चष्मा बदलला की दिसेल. म्हणून दर तीन महिन्यांनी मी नवा चष्मा करतो. नवी फ्रेम, नवी डबी... आणि काच तीच. जुन्याच नंबराची. ते घालतात आणि म्हणतात, हां, आता जरा बरं दिसतंय."

तो थांबला.

भिंतीवरचा काटा पुढे सरकत राहिला. सांगून टाक त्याला, डॉक्टर बदल, वडिलांना असं सांग, तसं सांग... पण त्याचा चेहरा असा होता, की त्यावर शब्द टाकणं म्हणजे पाय देणं. ती गप्प राहिली. पहिल्यांदा. आणि काहीच फुटलं नाही.

"बापाला फसवतोय मी," तो हळूच म्हणाला, आणि त्याचा आवाज गेला. रुमाल घेतला. मग खूप वेळ बोलला. आईविना मोठं झाल्याचं, बापानं बोट धरून काचा घासायला शिकवल्याचं. शेवटी आपणच म्हणाला, "सांगायला हवं त्यांना. आजच."

जाता जाता दारात वळला. "आणि एक मुलगी आहे... जाऊ दे. ते इथे नको."

कोण? कुठली? पण क्लायंट नको म्हणाला की ओढून काढायचं नाही, हे तिनं कालच पाठ केलं होतं. तिनं नुसती मान हलवली.

टेप पाच वाजता दिली.

आणि संध्याकाळी फाइल लावताना फॉर्मची मागची बाजू वाचून ती मटकन खाली बसली. क्लायंटशी शेवटच्या भेटीनंतर दोन वर्षं कसलंही वैयक्तिक नातं नाही. तोवर चर्चेत निघालेली गोष्ट खोलीबाहेर त्याच्याजवळ काढायची नाही, विचारायचीही नाही. पाच मार्कांना हेच तिनं परीक्षेत लिहिलेलं, मोत्यासारख्या अक्षरात!

रात्रभर डोळा नाही. दोन वर्षांचं दुःख होतंच. पण खुपत होतं दुसरंच... त्या माणसानं जन्मात पहिल्यांदा खरं कुणाला सांगितलं, आणि त्याच कागदावर हिची खोटी खूण.

सोमवारी मॅडमनी बोलावलं. चेहरा खुललेला. "शाब्बास गं! एका जागी चाळीस सेकंद गप्प होतीस, मी मोजले. तीच का तू?"

"मॅडम... ओळख होती. मी खोटं लिहिलं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "का?"

"नापास व्हायची भीती वाटली."

"आणि आता नाही वाटत?"

"आता जास्त वाटतेय."

मॅडमनी फाइल मिटली. "टेप रद्द. सहा महिने परत. हॉस्पिटलला मी कळवते. काढून टाकत नाही, कारण आपल्या पायांनी आलीस."

घाईनं मान डोलावली. मग अगदी बारीक आवाजात, "टेप रद्द... म्हणजे ते क्लायंट नव्हतेच, असं होतं का हो?"

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. सगळं समजल्या. "त्यानं खोटं दुखणं सांगितलं का?"

"नाही."

"मग तो क्लायंटच. दोन वर्षं. नमस्कार चालेल, त्यापुढे नाही. आणि त्या मुलीचं विचारलं नाहीस, ते मात्र अगदी बरोबर केलंस."

रडावं की हसावं, घाईला कळेना.

चष्मेवाला खाली पायरीवर उभाच होता. "बाबांना सांगितलं," म्हणाला. डोळे सुजलेले, पण चेहरा हलका.

तिला किती विचारायचं होतं! काय म्हणाले, कसे आहेत... "मला तुमच्याशी बोलता येणार नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं. नियम आहे, क्लायंटशी..."

"माझं काही चुकलं?"

"माझं चुकलं."

"नमस्कार?"

"तेवढा चालतो."

"आणि चष्मा?"

"...दुसरीकडे."

एवढं ऐकून मात्र त्याचा चेहरा पडला. दोन वर्षं ऐकून नव्हता पडला.

ती दुसऱ्यांदा शिकली. अनोळखी म्हाताऱ्या शिंप्याचं ऐकलं आणि पास झाली. हॉस्पिटलची जागा गेली ती गेलीच, पण मॅडमनी वरच्या समुपदेशन केंद्रातच तिला ठेवून घेतलं. म्हणजे रोज सव्वादोनला त्याच दुकानावरून जाणं.

"नमस्कार."

"नमस्कार... ही फ्रेम कुणी बसवली? डावीकडे झुकलीय. मी काही बोलत नाहीये, नुसतं सांगतोय."

"नमस्कार," घाई म्हणायची आणि हसू गिळत जिना चढायची.

पण वर गेल्यावर काळजी सुरू. ती मुलगी कोण? दुकानात पिवळ्या छत्रीवाली एक यायची, काउंटरवर रेलून हसायची. ती तर नव्हे? ती फ्रेम विकणाऱ्या कंपनीची होती, पण हे घाईला सांगणार कोण? मध्ये आठवडाभर दुकान बंद राहिलं. लग्न झालं असेल, तिनं ठरवूनच टाकलं. खरं तर त्याला ताप आला होता. बरं, तो थांबलाय असं तरी कुणी सांगितलंय? त्यानं शब्द दिला नव्हता. हिनं मागितला नव्हता. दिवसभर दुसऱ्यांच्या काळज्या ऐकायच्या, आणि घरी येऊन आपली पोटाशी घेऊन झोपायचं. आईनं चार स्थळं आणली, चारही हिनं "विचार करते" म्हणून लांबवली. आई म्हणाली, "विचार करता करता पोरं आजोबा होतील."

दोन वर्षं पुरी झाली तो दिवस बुधवार होता. बाहेर भुरभुर लागलेली. दुकानाच्या दाराशी तिचे पाय अडले. आता उशीर झाला असं तो म्हणाला, तर? ती मुलगी खरंच दुसरी असली, तर? वळावं का मागे?

तिनं दार ढकललं.

तो काउंटरमागे. मागच्या खुर्चीत त्याचे वडील, काळा चष्मा लावून, हातात काठी.

"नमस्कार," तो म्हणाला. आणि थांबला. तारीख त्यालाही माहीत होती... कारण हातातली फ्रेम खाली पडली.

"त्या दिवशी दारात तुम्ही म्हणालात, एक मुलगी आहे," घाई म्हणाली. श्वास पुरेना. "आता विचारता येतं. कोण?"

"दोन वर्षं ओठांवर धरून ठेवलंत?"

"धरलं. सांगा. दुसरी कुणी असेल तरी सांगा, मी... मी ऐकेन."

त्याचे कान लाल झाले. तोंड उघडलं, मिटलं.

मागून म्हातारा खाकरला. "अरे, सांग की एकदाचं! रोज सव्वादोनला दाराची काच पुसतोस. मला दिसत नाही, पण फडक्याचा आवाज येतो ना. एवढी काच जगात कुणी पुसली नसेल. कुणासाठी, ते तरी बोल!"

"तुम्ही," चष्मेवाला म्हणाला. "तुम्हीच होता. त्याआधीही. भाचीच्या वेळेपासून."

घाईच्या चष्म्यावर भुरभुरीचे थेंब होते, आत डोळ्यांत त्याहून जास्त. त्यानं काउंटरवरून हात पुढे केला... मधेच थांबवला, चालेल का म्हणून तिच्याकडे बघितलं. तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

दुकानात काही आवाज नाही. काठी एकदा आपटली, दोनदा आपटली.

"काय झालं? हो म्हणाली? का गेली?" म्हातारा ओरडला. "अरे, मला दिसत नाहीये, कुणीतरी सांगा की!"

आणि दोघांपैकी एकालाही आवाज फुटेना.