आगाऊ वाहिलेले डोळे

आमच्या सेक्शनमध्ये डोळे तपासायचा तक्ता सगळ्यांना पाठ आहे. रांझीच्या कारखान्याच्या दवाखान्यात तो मी नोकरीला लागायच्या आधीपासून त्याच खिळ्याला लटकतो आहे, त्यामुळे वर्षाच्या तपासणीत आम्ही शेवटची ओळ आरतीसारखी म्हणतो. यंदाही मी ती खणखणीत म्हटली, झोकात वळलो आणि बाजूला उभ्या असलेल्या कंपाउंडरवर जाऊन आदळलो. तो मला दिसलाच नव्हता.

यंत्रांचे पुर्जे तपासून पास-नापास करणं हे माझं काम. कंपाउंडर नापास झाला असता तर समजू शकलो असतो, पण तो दिसायला तर हवा.

नेपियर टाउनमधल्या डॉक्टर मॅडमनी डोळ्यांत औषध घालून बराच वेळ आत पाहिलं. मग म्हणाल्या, "आल्हाद जी, नजर किनारों से जाएगी."

"कहाँ तक?"

"बीच तक."

"मग मी सगळं मध्यभागी ठेवत जाईन," मी म्हणालो. मॅडमना मराठी येत नव्हती, म्हणून हसल्या नसाव्यात. त्यांनी विचारलं, परिवार में किसी को? मी म्हणालो, ताऊजी को.

ताऊजी म्हणजे अण्णा, बाबांचे थोरले भाऊ. बाबा आता नाहीत. अण्णा आहेत, दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत खुर्चीवर. आई लग्न होऊन आली तेव्हा अण्णांना थोडंसं दिसत होतं. तिला त्यांनी नीट पाहिलं ते त्या लग्नातच. पुढच्या दिवाळीपर्यंत सगळं संपलं होतं. मला तर त्यांनी कधी पाहिलेलंच नाही. अण्णांची एक गंमत घरात प्रसिद्ध होती. चहा पिता पिता ते मध्येच म्हणायचे, "आज पाणी वाढून राहिलं." दुसऱ्या दिवशी पेपरात बरगी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी असायची. अण्णांना पाण्याचा वास येतो, असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो.

त्या निदानानंतर मला एका जागी बसवेना. उठता बसता एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचं, मग दुसरा झाकून. आंघोळ करताना मान न हलवता बादली दिसते का बघायचं. तीन पत्ती चौकात सिग्नलला मी दोन्ही हात पसरून बोटं हलवली, कुठवर दिसतात ते पाहायला. मागचा स्कूटरवाला मी इशारा देतोय असं समजून डावीकडे वळला आणि त्याच्यामागे एक ऑटोही वळला. मला दोघंही दिसले नाहीत. आवाजावरून कळलं.

तेवढ्यात आईनं चांदीचे डोळे आणले.

पातळ पत्र्याचे, एकाच पट्टीवर जोडलेले दोन डोळे, काजळाची रेघसुद्धा उठवलेली. आपल्यात नवस बोलायचा, डोळे बरे झाले की असे डोळे देवाला वाहून तो फेडायचा, अशी रीत आहे. आई फेडायलाच निघाली होती.

"अगं, आधी बरे तर होऊ देत," मी म्हणालो. "ॲडव्हान्स दिला की काम लटकतं, रांझीच्या कुठल्याही ठेकेदाराला विचार."

"तुझं काहीतरीच. तुझ्या आजीनंही अण्णांच्या वेळेस आधीच वाहिले होते."

"आणि अण्णांचं काय झालं?"

आईनं हळदकुंकवाची पुडी पिशवीत टाकली. "चल, उन्हाच्या आत जाऊन येऊ."

ग्वारीघाटावर हल्के भैयाची नाव ठरवली. देवीच्या पायांशी वाहायच्या वस्तू इथं थेट नदीच्या, म्हणजे मैयाच्या, पोटात जातात, त्यामुळे मध्यधारेत नेऊन आईनं डोळे सोडले. ते पिंपळपानासारखे डुलत डुलत खाली गेले. जाता जाता त्यांतला एक चमकला. मला वाटलं, त्यानं डोळा मारला.

त्याच दुपारी मी डोळ्यांत थेंब घालून पडलो होतो. थेंब घातल्यावर डोळे मिटून ठेवायचे असतात. मिटल्यावर काळं दिसायला हवं. हिरवं दिसलं.

हिरवं, आणि फार वर फुटलेल्या आरशासारखा सूर्य. मग त्याच्या आड एक लांबट सावली आली. नावेचा तळ होता. डांबर फासलेला, आणि एका ठिकाणी निळ्या ड्रमचा चौकोनी तुकडा खिळ्यांनी ठोकलेला. वल्हं पडलं, बुडबुडे उठले. मी डोळे उघडले. वर पंखा होता.

मी डॉक्टर मॅडमना फोन केला. "इस ड्रॉप से हरा दिखता है क्या?"

"नहीं तो."

"नाव?"

मॅडम म्हणाल्या, नींद पूरी लीजिए.

मी झोप घेतली नाही, कारण झोपायला डोळे मिटावे लागतात. पण माणूस डोळे न मिटता किती काळ राहणार? संध्याकाळच्या आरतीच्या वेळी वरून दिव्यांचे द्रोण जाताना दिसायचे, खालून, प्रत्येकाखाली एक थरथरता पिवळा ठिपका. सकाळी लांब काठाशी पाय दिसायचे. पोटऱ्यांपर्यंत लुगडी, सुजलेली पावलं, पैंजण. एकदा कॅन्टीनमध्ये मी जरा डोळे मिटले आणि वरून नारळ आला. मी मान खाली घातली, ती थेट वरणात.

"क्या हुआ बे?" समोर बसलेला योगेश म्हणाला.

"नारळ," मी म्हणालो. त्यानं आपलं ताट थोडं लांब सरकवलं.

हे सगळं मी लोकांना हसून सांगू शकलो असतो, पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. तिकडचं दिवसेंदिवस स्वच्छ होत होतं. इकडे मला आता जेवताना ताट दिसायचं, पाण्याचा पेला नाही. इकडे कडा आत सरकत होत्या. तिकडे कडाच नव्हत्या.

रविवारी मी एकटा घाटावर गेलो. हल्के भैया नावेत बसून बिडी ओढत होता.

"भैया, आपकी नाव के नीचे नीले ड्रम का टुकड़ा लगा है?"

त्यानं बिडी तोंडातून काढली. "आपको किसने बताया?"

"दिसलं," मी म्हणालो. मग हिंदीत म्हणालो, माँ ने जो चाँदी की आँखें छोड़ी थीं, वो वापस चाहिए.

"चढ़ाया हुआ वापस नहीं लेते, भैया."

"माझे आहेत ते," मी म्हणालो. यावर तो हसला नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, शर्ट काढला आणि नाव सोडली.

मध्यधारेत त्यानं बुडी मारली. मी नावेच्या फळीवर बसून डोळे मिटले.

हिरवं. वरून तो येत होता, पाय झाडत, गाल फुगवलेले. मला तो पुरता दिसत होता, त्याला मी नाही. त्याचा हात वाळू चाचपत होता. माझ्यापासून वीतभर लांब.

मी नावेच्या कडेवर थाप मारली. "बाएँ! बाएँ!" त्याला ऐकू जाणार नव्हतं, पण मी ओरडत राहिलो. पलीकडच्या नावेतली माणसं उभी राहिली.

हात उजवीकडे गेला. शेजारच्या खडकाच्या खाचेत शिरला. काहीतरी खरवडून काढलं. वाळूचा ढग उठला.

हात बाहेर आला आणि वर गेला. मला न घेता.

हल्के पाण्याबाहेर आला तेव्हा त्याच्या मुठीत एक काळी पट्टी होती. तिच्यावर दोन डोळे. जुने, शेवाळलेले.

"ये नहीं," मी म्हणालो. "एक बार और."

तो नावेत चढला. पट्टी त्यानं माझ्या मांडीवर टाकली.

"नहीं भैया. नीचे बहुत हैं." त्यानं वल्हं उचललं. "सब ऊपर देख रहे हैं."

घरी आलो तेव्हा आई जेवणाचं आवरत होती. मी पट्टी ओट्यावर ठेवली. ती माझी नव्हे, हे सांगायच्या आत आईनं ती उचलली. "अरे देवा, इतक्यात काळे पडले? त्या सोनारानं फसवलं बघ." चांदी काळी पडली की ती दुसरा विचार करत नाही. तिनं टूथपेस्ट घेतली आणि बोटानं घासायला लागली.

मी स्वयंपाकघर आणि पुढच्या खोलीच्या मधल्या दारात उभा होतो. दोघं एकदम दिसत नाहीत आता, मान वळवावी लागते.

"शैलजा," पुढच्या खोलीतून अण्णांनी आईला हाक मारली, "डोळ्यांत काही गेलं गं. लई झोंबून राहिलं."

मी मान वळवली. अण्णा दोन्ही मुठींनी डोळे चोळत होते.

मागे नळ सुरू झाला. अण्णांचे हात खाली आले. गालांवर पाणी होतं.

मी पुन्हा मान वळवली. आईनं पट्टी धुतली, पदरानं पुसली आणि खिडकीच्या उजेडात आपल्या तोंडासमोर धरून निरखून पाहिली.

"शैलजा," अण्णा म्हणाले. आवाज अगदी हळू. "तुझे केस केव्हा गं पांढरे झाले?"

आईच्या हातून पट्टी निसटली. ओट्यावर पालथी पडली.

"काहून रे आल्हाद? लाइट गेली काय?"

पंखा फिरत होता.

आई जागची हलली नाही. मीच जाऊन पट्टी उलटली, पुढच्या खोलीत नेली आणि अण्णांच्या समोर स्टुलावर ठेवली. ती जरा वाकडी ठेवली गेली, म्हणून अण्णांनी मान वाकडी केली. चेहरा खिडकीकडे होता, पण पाहत मला होते.

"अच्छा," ते म्हणाले. "असा आहेस होय तू. नाक माझं घेतलं."

"हो."

"तुझेही सोडले ना शैलजानं?"

"हो."

"खडकावर पडले, की वाळूत?"

"वाळूत," मी म्हणालो.

 अण्णांनी हात पुढे करून माझं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं.

मी डोळे मिटले. हिरवं होतं, फुटका सूर्य होता, वरून एक द्रोण चालला होता. हल्केच्या हातानं उठवलेली वाळू अजून माझ्यावर बसत होती. कण कण, अगदी सावकाश.

आणि तिकडे पहिल्यांदाच मला एक कड दिसली.