लड धरणारे हात

लोकर ठेवायला जागा नव्हती, एवढंच कारण होतं. हे गेल्यावर घरातली जागा वाढायला हवी होती, पण झालं उलटंच. यांच्या खुर्चीवर लोकरीच्या पिशव्या, पलंगाच्या यांच्या बाजूला पिशव्या. रिकामी जागा दिसली की मी तिथे पिशवी ठेवत होते. विणकाम शिकायला येणाऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, तेव्हा मी सुताराला बोलावलं आणि मागच्या खोलीतलं ड्रेसिंग टेबल दाखवलं.

ते टेबल थोरलीचं. थोरली म्हणजे यांची पहिली बायको. मी या घरात आले तेव्हा ती जाऊन काही वर्षं झाली होती आणि तिची लेक शाळेत जात होती. लेक मला आई म्हणाली नाही, मावशी म्हणाली, आणि तेच बरं झालं. टेबल मात्र मी वापरलं. इतकी वर्षं त्याच आरशात बघून केस विंचरले. थोरलीशी माझं कधी वाकडं नव्हतं. मेलेल्या बाईशी वाकडं घेऊन करायचं काय?

आरसा काढून तिथे भोकं पाडलेली फळी बसवायची, फळीला खुंट्या, खुंट्यांवर रिळं आणि कात्र्या. वरच्या खणांत सुया आणि बटणं. खालच्या खोल खणात लोकरीच्या लडी, असं ठरलं. आरसा उतरवताना सुतार हळहळला. "बाई, टेबलाचं तोंडच गेलं बघा." मी म्हटलं, माझं तोंड बघून बघून तेही कंटाळलं असेल. तो हसला आणि खालचा खण पूर्ण बाहेर ओढून आत हात घातला. मागच्या फटीतून विणायची एक सुई निघाली. एकटीच. जोडीची दुसरी सापडली नाही.

ती सुई माझी नव्हती.

इथे लडीचं थोडं सांगायला हवं. लडीवरून थेट विणता येत नाही, गुंता होतो. आधी गुंडा करावा लागतो. एकाने दोन्ही हातांत लड ताणून धरायची, दुसऱ्याने गुंडाळायची. धरायचं काम यांचं. ऑफिसातून आले, चहा झाला, की खुर्चीत बसून दोन्ही हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "आरोपी हजर आहे. बेड्या घाला." मग लोकर सुटेल तसे हात डावीकडे, उजवीकडे कलते करत राहायचे. डुलकी लागली तरी हात चालूच. पुढे मनगटं दुखायला लागली, तर निलगिरीचं तेल चोळून बसायला लागले, पण बसायचे.

लग्नाच्या नव्या नवलाईत मी एकदा विचारलं होतं, थोरलीच्याही लडी धरायचात का? "छे," म्हणाले, "तिला कुठे विणता यायचं!" तेवढं एक वाक्य मी जपून ठेवलं. घर, भांडी, लेक, नवरा, सगळं आधी तिचं होतं. ही लड तेवढी पहिल्यापासून माझी.

सुई मी वरच्या खणात ठेवून दिली. असेल कुणाची तरी, असं मनाला सांगितलं.

टेबल देखणं झालं. रिळं रंगांप्रमाणे लावली, लडी खणात निजवल्या. मग एका दुपारी झोपून उठले, चहा टाकला, राखाडी लोकर घ्यायला खालचा खण उघडला, तर लडीच्या जागी गुंडा. घट्ट, गोल, नीट. वाटलं, आपणच केला असेल. हे गेल्यापासून माझं ध्यान कुठे असतं. मनगटं तेवढी ठणकत होती आणि त्यांवर बारीक रेघा उठल्या होत्या. चादरीच्या चुण्यांवर हात पडला असेल. यांच्या मागे निलगिरीच्या तेलाची अर्धी बाटली उरली होती, त्यातलं थोडं चोळलं.

पुढच्या दुपारी हिरव्या लडीचं तेच झालं. मग पांढरीचं. विणायला घेतल्यावर आणखी एक लक्षात आलं. माझा गुंडा ज्या बाजूने सुटतो, त्याच्या उलट्या बाजूने हे सुटत होते. मी असं गुंडाळत नाही.

आणि गुंडा म्हटला की दोन माणसं आली. एकाने धरायचं…

मला भीती वाटली नाही. खोटं कशाला बोलू, आनंद झाला. हे आले होते. मी एकेक गुंडा नाकाशी धरून निलगिरीचा वास शोधला. तो माझ्याच हातांना येत होता. लोकरीला येत होता तो पावडरचा, बरीच वर्षं डब्यात बंद राहिलेल्या पावडरचा. मी तो मनावर घेतला नाही.

सुट्टीला लेक आली. टेबलावरून हात फिरवून म्हणाली, छान झालंय. वरचा खण उघडला आणि सुई हातात घेतली. "आईची आहे ही."

मी म्हटलं, तुझी आई कुठे विणायची?

तिने सुई माझ्यासमोर धरली. "मावशी, मग बाबांचा निळा स्वेटर कुणी विणला?"

निळा स्वेटर विकतचा आहे असं हे म्हणाले होते. दर थंडीत मी तो हाताने धुतला होता. कोपरं विरली तेव्हा मीच रफू केली होती. लेक बोलत होती, हसत होती. आई डावखुरी, त्यामुळे गुंडा उलटा व्हायचा, शेजारणी चिडवायच्या म्हणे. "आणि बाबा हात पुढे करून काय म्हणायचे, माहितेय? आरोपी हजर…"

मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. तेच वाक्य. शब्दसुद्धा नवीन शोधले नव्हते माझ्यासाठी.

लेक परत गेली. मी दुपारची जागी राहायला लागले. मागच्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसायचे. जागी असेपर्यंत काही व्हायचं नाही. खोलीत सुतारकामाचा भुसा आणि डांबरगोळ्यांचा वास, बाकी सामसूम. पण कधी बसल्या बसल्या डोळा लागला, जागी झाले, की खणात एक नवा गुंडा. म्हणजे माझ्या झोपण्याची वाट बघत होते दोघं. माझ्या घरात, माझ्या लोकरीवर, समोरासमोर बसून. भुताला माणूस घाबरतं. सवतीला कोण घाबरतं?

एका दुपारी आभाळ भरून आलं, वीज गेली, खोलीत इतका काळोख झाला की फळीवरच्या रिळांचे रंग दिसेनात. मी यांची खुर्ची ओढत नेली आणि टेबलासमोर मांडली. निळी लड काढून स्वतःच्याच दोन्ही हातांत चढवली आणि खुर्चीत बसले. यांची जागा मी अडवणार होते. कुठे बसतात ते बघू.

"आरोपी हजर आहे," मी म्हटलं. चांगलं मोठ्याने.

काही झालं नाही. मग पावडरचा वास आला. मग लडीचं सुटं टोक उचललं गेलं.

लोकर सरळ समोर ओढली जात होती. आरसा होता तिथे, भोकांच्या फळीकडे. फार हलका, सुकलेली पानं सरकावीत तसा आवाज… मध्येच थांबणारा, पुन्हा सुरू होणारा. आणि माझे हात आपोआप कलायला लागले. डावीकडे, उजवीकडे. मी जन्मात कधी लड धरली नव्हती. नेहमी गुंडाळणारी मीच. तरी हातांना सगळं येत होतं.

 विचारायचं ते मी विचारलं.

"ते… कुठे आहेत?"

लोकर थांबली. बराच वेळ ताणलेलीच राहिली.

"तुझ्याकडे नाहीत?" बाईचाच आवाज होता, दबका, अगदी जवळचा. "मला वाटलं… तुझ्याकडेच असतील. म्हणून तर येत राहिले."

आणि लोकर पुन्हा सुटायला लागली. हात खाली घ्यायचे होते, पण लड संपेपर्यंत ते खाली आले नाहीत.

दिवे आले तेव्हा गुंडा खणात होता. माझ्या मनगटांवर बारीक रेघा होत्या. सवयीने मी तेलाची बाटली उघडली, आणि तशीच हातात धरून उभी राहिले. त्याच रेघा. इतक्या दुपारच्या त्याच रेघा.

दुसऱ्या दिवशी ती सुई कापडात गुंडाळून लेकीकडे पाठवून दिली. तुझ्या आईची वस्तू तुझ्याकडे असावी, असं कळवलं. लेकीला गहिवरून आलं. मला फक्त घर माझं एकटीचं हवं होतं.

तसं ते झालं. खणात लडी लडीच राहिल्या. दुपारी गाढ झोप लागायला लागली, मनगटं स्वच्छ. लड आता मी खुर्चीच्या पाठीला अडकवते आणि एकटीच गुंडाळते. बायका म्हणतात, टेबल किती सोयीचं केलंत. मीही हो म्हणते. आणि त्या गेल्या की कधीकधी टेबलासमोर बसते, हात पुढे करून. कुणी येत नाही.

परवा लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "मावशी, हल्ली दुपारी झोपून उठलं की मनगटं फार ठणकतात गं. काही औषध आहे का?"

 मला तिची काळजी वाटायला हवी होती. आधी वाटलं ते एवढंच, की थोरली आता तिथे. आता तिच्याकडे.

निलगिरीचं तेल चोळ, म्हणून सांगितलं.

"तेच तर," ती म्हणाली. "घरात तेल नाहीये. पण त्या वेळी वास येतो. बाबांच्या हातांना यायचा ना… तसा."

फोन ठेवून मी कपाटातून यांची बाटली काढली. सुई पाठवल्यापासून तिला हात लावला नव्हता, आणि तेव्हा तीत तेल होतं. बूच घट्ट बसलेलं होतं, फिरवून काढावं लागलं. बाटली आतून कोरडी होती.