नुसत्या सरसावरची खुर्ची

खोटं वाटत असेल तर लातूरजवळच्या मुरुडला या आणि आमच्या मलप्पामामाला विचारा. गेल्या उन्हाळ्यातली, भरदुपारची घटना आहे. शपथेवर सांगतो, एक शब्द पदरचा नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेलं की त्याला बसवूनच नेतात, बसवूनच पुरतात. मामा सुतार. नेण्याची खुर्ची तोच करायचा.

सांध्याला सरस लावला की आरपार लाकडी खुंटी ठोकायची, ही त्याची शिस्त.

शेजारची सुकन्याकाकू गेली, त्या दिवशी त्यानं ठोकली नाही.

"आवो, खुंट्या?" उमादेवीमामीनं विचारलंसुद्धा.

"मसनवट्यापर्यंत तर जायचंय. म्हातारी काय तिच्यावर उड्या मारणार हाय का?" मामा हसला.

मसनवट्याच्या चढावर आवाज आला... कट्ट.

खुर्चीचा पाय निखळला. काकू सगळ्या गावासमोर तोंडावर आपटली. तिच्या लेकानं, दयानंदनं, आईच्या तोंडातली माती बोटानं काढली. रडत रडत.

मामा म्हणाला, "उन्हानं सरस सुटला."

दुसऱ्या दिवशी मामी ओसरीत खुर्चीवर बसून शेंगा फोडत होती. मामा आत जेवत होता.

टक्...

टक्... टक्...

खुंटी ठोकल्याचा आवाज. मामा तो झोपेतही ओळखेल.

"कोन हाय?"

मामानं हातातला घास ताटात ठेवला.

मग मामीचा आवाज आला. अगदी बारीक. "आवो... मला उठता येईना."

मामा धावला. ओसरीत दुसरं कुणीच नव्हतं. त्यानं मामीला उचललं, तर ती बसल्या आकारातच उचलली गेली. गुडघे सरळच होईनात.

लातूरच्या डॉक्टरला एक्स-रेच्या फोटोत काही दिसलं नाही. मामानं मात्र गुडघा चाचपला... कातडीखाली काहीतरी गोल, टणक. या बाजूनं त्या बाजूला.

पुढं कोपरं गेली. दर वेळी दुपारी. दर वेळी आधी तो आवाज.

शेवटी मामा काकूच्या समाधीवर लोळण घेत ओरडला, "ठोकायचं तर मला ठोक गं बाई! तिनं काय केलं? ती तर खुंट्या मार म्हणत होती!"

घरी आला, तेवढ्यात... टक्.

मामीचा जबडा जागीच खिळला.

तेव्हापासून ती बोलत नाही. ओठांच्या फटीतून मामा चमच्यानं पेज सोडतो, आणि ती त्याच्याकडं बघत राहते. मामा स्वतः ठणठणीत आहे. साधी कंबरसुद्धा दुखत नाही त्याची.

परवा गेलो होतो. मामानं खुर्ची पुढं सरकवली.

मी उभ्यानंच चहा प्यायलो.