आणि पुत्रापासून

२००४च्या मे महिन्यात अहिल्या साळवेचा प्रोजेक्ट संपला आणि दुसरा मिळेना. घरी बसवत नव्हतं. एडिसनच्या ज्या अँग्लिकन चर्चमध्ये ती आणि तिचा नवरा प्रफुल्ल दर रविवारी जात, तिथल्या जुन्या टेप कॉम्प्युटरवर उतरवायचं काम तिनं अंगावर घेतलं.

एक टेप १९६५ची होती. शेजारच्या रशियन ऑर्थोडॉक्स चर्चशी समेट व्हावा म्हणून त्या दिवशी दोन्हीकडची माणसं पहिल्यांदाच एकत्र प्रार्थनेला उभी राहिली होती. श्रद्धेची कबुली म्हणताना, पवित्र आत्मा ‘पित्यापासून’ निघतो, एवढंच ऑर्थोडॉक्स म्हणतात. अँग्लिकन पुढे ‘आणि पुत्रापासून’ जोडतात. हजारेक वर्षांचा वाद या दोन शब्दांवरून. त्या दिवसापुरते ते गाळायचे असं ठरलं होतं. तरी कुणीतरी ते म्हटलेच. समेट तिथंच फिसकटला आणि ठपका आला ऑर्गन वाजवणाऱ्या हॉलब्रुकवर.

त्यांची मुलगी, मिस हॉलब्रुक, आता ऐंशीला टेकल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मरेपर्यंत डॅडी सांगत होते, तो मी नव्हेच. मला फक्त खरं कळू दे.”

अहिल्यानं टेपची खरखर काढली. शंभरएक माणसांचा एका लयीतला आवाज. मग सगळे थांबले. बाकाची करकर, कुणाचं तरी खोकणं. आणि त्या शांततेत एक पुरुषी आवाज, स्वच्छ मराठीत:

“आणि पुत्रापासून.”

तिनं हेडफोन काढले. उठून स्वयंपाकघरात बघून आली. कुणी नव्हतं. आवाज पप्पांचा होता. नगरच्या चर्चमध्ये उपदेशक होते. अमेरिकेला कधी आले नाहीत, दोन वर्षांपूर्वी वारले.

तिनं ते मिस हॉलब्रुकना ऐकवलं. “डॅडीच,” त्या म्हणाल्या. “म्हणजे खोटं बोलत होते.”

अहिल्याला राहवेना. ऑर्थोडॉक्स चर्चचे फादर निकोलाय यांना तिनं ती टेप ऐकवली. त्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली.

“तुमच्या प्रार्थनेत रशियन कोण बोललं? अगदी माझ्या वडिलांसारखं.”

“ते कुठं असतात?”

“जाऊन तीस वर्षं झाली.”

तिनं त्याच दिवशी मिस हॉलब्रुकना फोन केला. “तो आवाज तुमच्या डॅडींचा नाही.”

“तुला कसं कळलं?”

अहिल्यानं फोन ठेवून दिला.

फाइल पुसून टाकायची असं तिनं ठरवलं. शनिवारी दुपारी साडेचारला ती खालून धुतलेले कपडे घेऊन वर आली, तर प्रफुल्ल हेडफोन लावून बसला होता. हसत होता.

“अगं, हे ऐकलंस? डिट्टो आमचे बाबा यार!”

त्याचे बाबा नागपूरला होते. धडधाकट. मागच्या रविवारी फोनवर संत्र्याच्या भावावरून वाद घातला होता.

“त्यांना फोन कर.”

“वेडी आहेस का? तिकडे रात्रीचे दोन वाजलेत. झोपले असतील.”

“कर.”

तिचा चेहरा बघून त्यानं नंबर लावला. स्पीकर ऑन केला.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

“हॅलो,” बाबांच्या शेजारच्या कांचनकाकू म्हणाल्या.