पहिला प्रश्न

भौतिकशास्त्र विभागात दर बुधवारी दुपारी कोणीतरी आपल्या चालू संशोधनावर बोलायचं आणि बाकीच्यांनी चहा-बिस्किटांच्या आशेवर ऐकायचं, असा शिरस्ता होता. त्यात विभागप्रमुखांनी एक मेख मारून ठेवली होती. व्याख्यान संपल्यावर जो पहिला प्रश्न विचारेल, त्याने पुढच्या बुधवारी बोलायचं. हेतू चांगलाच होता, पण ‘प्रश्न?’ म्हटलं रे म्हटलं, की एरवी एकमेकांना बोलू न देणारे विद्वान मूग गिळून बसत.

त्या बुधवारी लंबकबाईंची पाळी होती. हे नाव लेझरवाल्या सरांनी ठेवलेलं. तळघरातल्या बंद खोलीत बाईंनी एक जड लंबक टांगला होता आणि त्याची बारीकात बारीक थरथर यंत्र टिपून घेत असे. रस्त्यावरची रहदारी, पंपाची घरघर, जिन्यावरची पावलं, सगळं वजा केलं तरी त्या थरथरीत एक संथ ठोका उरत होता. बाईंची नोकरी अजून तात्पुरतीच होती. ती कायम होणार की नाही, हे या ठोक्यावर ठरणार होतं.

“घाबरतेस कशाला?” सकाळी नवरा म्हणाला होता. “तुझा ठोका काय पळून जातोय?”

व्याख्यान झकास झालं. विभागप्रमुख उठले, म्हणाले, “प्रश्न?” सगळे आपापले बूट न्याहाळू लागले.

“मोजणी चालू असताना त्या खोलीत कोण असतं?”

आवाज मागच्या रांगेतून आला. पडदा नीट दिसावा म्हणून तिकडचे दिवे मालवलेले होते. आवाज पुरुषाचा होता, मऊ, पुष्कळ दिवस वापरात नसल्यासारखा.

“कोणीच नाही,” बाई म्हणाल्या. प्रश्न सोपा निघाला म्हणून त्यांना हायसं वाटलं होतं. “दार बाहेरून बंद असतं. माणसांमुळे जे काही हलतं, ते सगळं मी वजा केलंय.”

“सगळं नाही,” आवाज म्हणाला.

विभागप्रमुखांनी दिवे लावले. मागची रांग रिकामी होती. सभागृहाला दार एकच, तेही पुढे फळ्याशेजारी, आणि तिथून कोणी बाहेर गेलेलं नव्हतं.

“सापडला बकरा!” लेझरवाले ओरडले. “पुढच्या बुधवारी त्याचीच पाळी!”

हशा पिकला. बाईही हसल्या, पण जरा उशिरा.

त्या आठवड्यात त्या एकदा तळघरात जाऊन आल्या. कुलूप जागच्या जागी होतं, दाराच्या फटीवरची चिकटपट्टीही शाबूत होती. आत गेलं तर मोजणी बिघडेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं आणि त्या परत फिरल्या. खरं म्हणजे किल्ली हातात असूनही दार उघडायचा धीर झाला नव्हता.

बुधवारी गंमत बघायला झाडून सगळे आले. वक्ता येईपर्यंत बाईंचा लंबकच बघू या, असं विभागप्रमुखांनी ठरवलं. पडद्यावर तळघरातून थेट येणारी रेघ दिसू लागली. ती संथपणे उठत होती, बसत होती.

“वक्त्यांनी पुढे यावं ही विनंती,” विभागप्रमुख खोट्या गांभीर्याने म्हणाले आणि त्यांनी दिवे मालवले.

रेघ सपाट झाली.

तार निसटली असणार, असं बाईंना वाटलं. त्या उठणार, तोच मागच्या रांगेच्या कडेला बसलेल्या एकाने पाय आत ओढून घेतले. वाट द्यायला घ्यावेत तसे. मग त्याच्या पुढच्याने. मग त्याच्या पुढच्याने. कोणी चालत येताना दिसत नव्हतं, तरी पाय आत घेतले जात होते, थेट पहिल्या रांगेपर्यंत.

व्यासपीठावरचा माइक किंचित वर झाला.

शब्द एकही आला नाही. भिंतीवरच्या स्पीकरमधून नुसता तो संथ ठोका येत राहिला. किती वेळ, कोण जाणे. लेझरवाल्यांनी शेजाऱ्याची बाही घट्ट धरली होती.

मग ठोका थांबला.

“प्रश्न?” विभागप्रमुख कुजबुजले. ती निव्वळ सवय होती.



बाईंची भीतीने गाळण उडाली होती. पण समोर ती सपाट रेघ होती, आणि तिच्याबरोबर सगळं काम, नोकरी, सगळंच चाललं होतं. तोंडातून शब्द निघून गेले.

“तुम्ही परत खाली जाणार ना?”

विचारलं, आणि मग त्यांना नियम आठवला.

पडद्यावरची रेघ हलली.

“आला!” विभागप्रमुखांनी घाईघाईने दिवे लावले आणि कपाळ पुसलं. “बाई, आला बघा तुमचा ठोका परत! तारच ढिली असणार.” सगळे सुटल्यासारखे हसले. “आणि पहिला प्रश्न तुमचा. म्हणजे पुढच्या बुधवारी पुन्हा तुम्हीच!”

बाई हसल्या नाहीत. ठोका आता संथ नव्हता, धावत होता. त्यांनी मनगटावर दोन बोटं ठेवली, नाडी शोधली आणि पडद्याकडे बघत राहिल्या.

एकही ठोका मागेपुढे होत नव्हता.