सोडवणीचा रूळ

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल खोटी समजावी. कुणाला पटवत बसायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. रविवारची दुपार होती. आमच्या घराच्या मागच्या खोलीत, टेबलावर लख्ख ऊन पडलं होतं.

मी बिजवराला दिलेली. यांची पहिली बायको आजारपणात गेली आणि वर्ष सरायच्या आत मी या घरात आले. नणंद तिला 'थोरली' म्हणायची, मला 'धाकटी'. जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं. मेलेल्या सवतीत खोटच सापडत नाही.

हे दातांच्या कवळ्या बनवायचे. कवळ्यांच्या साच्यांतून उरलेल्या प्लास्टरचे त्यांनी मागच्या खोलीत डोंगर केले होते आणि त्या डोंगरांमधून एक छोटी आगगाडी पळायची. तिला खेळणं म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. स्टेशन, सिग्नल, मालधक्का, सगळं हुबेहूब.

मालधक्क्याला गाडी थांबली की शेवटचे दोन डबे तिथे सोडून इंजिनाने पुढे जायचं. पण डबे आपणहून सुटत नाहीत, त्यांचे हुक एकमेकांत अडकलेले असतात. ते सोडवायचं काम थोरलीचं. नणंद सांगायची, दादाने गाडी थांबवली की थोरली श्वास रोखायची, क्रोशाची सुई हुकांत घालायची आणि टिक्... डबे मोकळे. दोघांना एक शब्द बोलावा लागायचा नाही.

मी एकदा ती सुई उचलली होती.

"राहू दे," हे म्हणाले. "तुला नाही जमायचं."

मला वाटायचं, या खोलीत जागा मिळाली तर घरात मिळेल. म्हणून मीच म्हटलं, डबे सोडवणारा रूळ मिळतो म्हणे, तो आणू या.

दुकानदार गप्पिष्ट होता. त्याने काउंटरवर दोन तुकडे ठेवले, वीतभरही लांब नव्हते. एकात लोहचुंबक होतं. त्यावर गाडी थांबली की हुक आपसूक सुटतात, कुणी हात लावायला नको. दुसऱ्यात रुळांच्या मधोमध एक पाती होती. बटण दाबलं की पाती वर येते आणि हुक उचलते.

यांचा हात चुंबकाकडे गेला.

मी बटणाचा उचलला. बटण दाबायला माणूस लागतं. ते माणूस मी होणार होते.

"घ्या साहेब," दुकानदार म्हणाला. "बटण बाईंच्या हातात असलं की घरात शांतता राहते."

हे हसले नाहीत. पण घेतला.

तर, ती रविवारची दुपार.

यांनी मालधक्क्याच्या सरळ रुळात तो तुकडा बसवला. थोरली बसायची त्या स्टुलावर मी बसले. इतका वेळ तिथे कुणी बसलं नव्हतं, तरी स्टूल उबदार लागलं. म्हटलं, उन्हाने असेल.

ऊन टेबलावर होतं. स्टूल सावलीत होतं.

गाडी आली. थांबली. मी बटणावर बोट ठेवलं.

माझ्या कानाशी कुणीतरी श्वास आत घेतला... आणि रोखला.

टिक्.

इंजिन पुढे निघालं. शेवटचे दोन डबे मागे राहिले.

"छान," हे म्हणाले.

"मी दाबलंच नाही."

"दाबलं असशील नकळत."

पुन्हा गाडी फिरवली. या वेळी मी दोन्ही हात मांडीवर ठेवले, यांना दिसतील असे.

श्वास... टिक्.

मी उठले आणि बटणाची वायरच उपटली. पाती आता वर येणंच शक्य नव्हतं. गाडी आली, थांबली. खोलीत इतकी शांतता, की भिंतीपलीकडे शेजारणीच्या नळाची धार ऐकू येत होती. मग तीही ऐकू येईनाशी झाली.

टिक्.

मी यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, आता हे घाबरतील, मला घेऊन बाहेर पडतील.

हे घाबरले नव्हते.

त्यांचा चेहरा मी लग्नाच्या दिवशीही तसा पाहिला नव्हता. रिकाम्या स्टुलाकडे बघून ते अगदी हळू म्हणाले, "सावकाश. घाई नाही."

त्या आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू जरा बाहेर बसतेस?"

"मग मला आणलंत कशाला?"

त्यांनी थोडा विचार केला. खरंच विचार केला, तेच जास्त लागलं.

"जेवण तयार झालं की हाक मार," म्हणाले.

एवढंच. पुढचा सगळा संसार मी दाराबाहेर केला. नोकरी केली, घर सांभाळलं, यांच्या पथ्यपाण्याचं पाहिलं. संध्याकाळी ते दार बंद व्हायचं. आतून गाडीचा आवाज यायचा, थांबायचा... आणि टिक्. नणंदेला सांगितलं तर म्हणाली, मनाचे खेळ असतात गं. सवत मेली तरी मत्सर मरत नाही, असंही म्हणाली.

यांना जाऊन आता काही महिने झाले. इस्पितळात शेवटी मी उशाशी होते. शेवटची हाक मला नव्हती.

मग मी ती गाडी आवरून ठेवायला घेतली. एक डबा उचलला तर अख्खी माळ वर आली. हुक सुटेनात. वायर जोडून बटण दाबलं. पाती वर आली, हुकही हलले, पण डबे सुटले नाहीत. सुई घालून पाहिली. शेवटी त्या दुकानदाराला बोलावलं. आता तोही म्हातारा झालाय. त्याने भिंगातून पाहिलं.

"गंज नाही, काही नाही. हुक तर मोकळे आहेत," म्हणाला. पुन्हा ओढून पाहिलं आणि हात मागे घेतला. चहा ठेवला होता, तो न घेताच गेला.

दोघं भेटली असतील. भेटू देत बापडी.

पण परवा मला काय वाटलं कुणास ठाऊक. दुकानातून एक नवा डबा आणला, साधा, तपकिरी. रुळावर ठेवला आणि हळूच ढकलत त्या माळेच्या शेवटी नेला. हुक लागला. मी ओढून पाहिलं, नीट लागला होता. वीज बंद होती. भर दुपार होती.

मी खिडकी लावायला वळले.

मागे कुणीतरी श्वास रोखला...

टिक्.

वळून पाहिलं तर माझा डबा बोटभर अंतरावर, एकटा उभा होता.

मरणाची भीती मला कधी नव्हती. म्हटलं, एवढी वर्षं सोबत काढली, तिकडे तरी कुणी ओळख दाखवेल. आता झोप लागत नाही.

डबा तिथेच ठेवलाय. रोज दुपारी एकदा ढकलून बघते.