चारच्या चहाचे ठोके

ही गोष्ट मनाने रचलेली नाही. ज्याच्यावर बेतली, तो माणूस आजही त्याच खोलीत बसून पुस्तकं बांधतो. सगळे त्याला बाइंडर म्हणतात. त्याचं खरं नाव विचारलंत तर त्यालाच जरा आठवावं लागेल.

काळोखी रात्र, सुनसान रस्ता असलं यात काही नाही. मंगळवार होता. दुपारचे चार वाजले होते आणि खिडकीतून चांगलं लख्ख ऊन येत होतं.

शहरातली ती वस्ती टेकडीच्या उतारावर आहे. खालच्या घराचा स्लॅब म्हणजे वरच्या घराची जमीन, अशी घरं चढत गेलेली. बाइंडरच्या डोक्यावर त्याच्या थोरल्या भावाचं घर. वर जायचं तर बाहेरून वळसा घालून बावीस पायऱ्या. भाऊ कधीच वारला होता. वहिनी एकट्या राहायच्या.

रोज चारला त्या चहासाठी आलं कुटायच्या आणि त्याच बत्त्याने जमिनीवर तीन ठोके मारायच्या. म्हणजे, आधण ठेवलंय, या.

खालून जळमटं काढायच्या झाडूच्या दांड्याने छतावर उत्तर द्यायचं. जितकी माणसं येणार, तितके ठोके. त्या अंदाजाने वहिनी पाणी टाकायच्या. एकदा उत्तर दिलं की जायचंच, मग दारात कोणीही येऊन उभं राहो. टाकलेला चहा वाया गेलेला त्यांना अजिबात खपत नसे.

बाइंडरच्या बायकोचा सगळा जीव त्या चहात. सकाळपासून छापील कागदांना घड्या घालून तिची बोटं बधिर व्हायची. चारला मात्र दोघी जावा वरच्या गॅलरीत बसून पायऱ्या चढणाऱ्यांची मापं काढायच्या. कोण कुठे दम खायला थांबलं, कोणाची पिशवी फाटली, कोण कोणाला टाळून दुसरीकडून गेलं.

"तुम्हा दोघींना पहाऱ्याचा पगार चालू करायला पाहिजे," बाइंडर म्हणायचा.

मग वहिनी गेल्या. साधा ताप आला, तीन दिवसांत कारभार आटोपला. वरच्या घराला कुलूप लागलं आणि किल्ली बाइंडरकडे आली.

बायको पार खचली. घरी चहा करायची, दोन घोट प्यायची आणि उरलेला मोरीत ओतायची.

"अगं, मी आहे की सोबतीला," तो म्हणायचा.

"तुम्ही टाके घालत घालत पिता. तुम्हाला चहा दिला काय नि खळ दिली काय, कळतंय थोडंच!"

असे चार महिने गेले.

आणि तो मंगळवार आला. बायको दोरा आणायला खाली बाजारात गेली होती. बाइंडर एक जाडजूड वही शिवत होता. मान खाली, सगळं लक्ष सुईवर.

वरून आवाज आला...

ठक. ठक. ठक.

तीस वर्षांची सवय. त्याने मानही वर केली नाही. डावा हात आपोआप दांड्याकडे गेला आणि त्याने छतावर दोन ठोके मारले.

दोन. म्हणजे दोघं येतोय.

मग त्याच्या हातातली सुई गळून पडली.

वर शांतता. तो श्वास रोखून ऐकत राहिला. आणि मग... खुर्ची सरकवल्याचा आवाज. थोड्या वेळाने दुसरी खुर्ची.

तो गेला नाही. जाणार कसा?

संध्याकाळी बायको परत आली ती दारातच खाली बसली. "आज पायऱ्या चढवेनात हो. छातीवर कोणी बसल्यासारखं झालंय." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं, वयाचं कारण सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या.

बाइंडरला कारण माहीत होतं. आपण एकट्याचं नाही, दोघांचं उत्तर देऊन बसलो.

बुधवारी, गुरुवारी बरोबर चारला तेच तीन ठोके आले. जास्त जोरात. खोळंबलेल्या माणसासारखे. दोन्ही दिवशी त्याने काहीतरी निमित्त काढून बायकोला शेजारी पाठवलं होतं.

"चार वाजले की मला घराबाहेर काढता. कोणी येतं की काय भेटायला?" ती हसून म्हणाली. हसतानाही तिला धाप लागली.

त्याने तिला काही सांगितलं नाही. ती घाबरेल म्हणून नव्हे. ती घाबरली नसती, याचीच त्याला भीती होती. वहिनी बोलावताहेत म्हटल्यावर ती साडी बदलून आनंदाने निघाली असती.

शुक्रवारी तिला अंथरुणातून उठवेना. शेजारी पाठवायची सोयच उरली नाही. बाइंडरने मनाशी ठरवलं. आज चारच्या आत आपणच वर जायचं, दिलेलं उत्तर मागे घ्यायचं.

"वर पाणी गळतंय का, बघून येतो," पावणेचारला तो म्हणाला.

"लवकर या."

बावीस पायऱ्या तो एका दमात चढला. कुलूप काढलं. चार महिने बंद असलेलं घर, पण आत कोंदट वास नव्हता.

ताज्या आल्याचा वास होता...

टेबलाला तीन खुर्च्या लावलेल्या. तीन कप मांडलेले. जमिनीवर धुळीचा थर, आणि त्या धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

 त्याने हात जोडले.

"वहिनी, चूक माझी. मी दोन वाजवले. पण ती नाही येणार. मी आलोय ना? माझ्या एकट्याचा टाका. तिला सोडा."

एका कपातून वाफ निघायला लागली.

 एकाच.

बाइंडरला रडू फुटलं. ऐकलं त्यांनी! तो खुर्चीत टेकला. आता आपलं काय व्हायचं ते होवो, ती वाचली. त्याने कपाला हात लावला. कप गरम होता.

तेवढ्यात त्याच्या पायांजवळ...

ठक. ठक. ठक.

बत्ता कोपऱ्यात पडलेला होता. हललाही नव्हता.

"नको," तो ओरडला, "वहिनी, नको!"

आणि खालून, त्याच्या स्वतःच्या खोलीतून, छतावर दांडा आपटल्याचा आवाज आला.

एक.

त्याला सगळं उमगलं. नवरा वरच आहे, म्हणजे यायचं राहिलं ते आपण एकटीच, असा तिने सरळ विचार केला असणार. वर जाण्याच्या नादात आपण तिला खाली एकटीला सोडून आलो, तेही नेमकं चारला.

चहा तसाच टाकून तो पळत सुटला. पायऱ्यांवर ती कुठेच भेटली नाही.

ती खोलीतच होती. अंथरुणातून उठून, भिंतीला टेकून बसलेली. झाडू मांडीवर. केस नीट विंचरलेले. चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेला आनंद.

अंग अजून गरम होतं. श्वास नव्हता.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. बाइंडरने मान डोलावली.

त्यानंतर बत्त्याचे ठोके कधी आले नाहीत. पण दर दुपारी वरून कपबशांची किणकिण ऐकू यायची, आणि दोन बायकांचं दबकं हसणं. त्यातलं एक हसणं कोणाचं, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. तो काम बाजूला ठेवून छताकडे बघत बसायचा. वर जाऊन पाहिलं की सगळं बंद, सगळं धुळीत. खाली आलं की पुन्हा हसणं.

महिनाभर त्याने कळ काढली. मग एका दुपारी त्याला राहवलं नाही. चहा टाकून पळालेल्या आपल्याला कोणी बोलावत नाही, तर आपणच विचारावं. त्याने दांडा घेतला आणि छतावर एक ठोका मारला.

हसणं थांबलं.

कपबशा आवरून ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्च्या आत सरकवल्याचा.

आणि मग... काहीच नाही.

त्या दिवसापासून वर चिटपाखराचाही आवाज नाही. आज तुम्ही वही बांधायला घेऊन गेलात आणि चार वाजले, तर बाइंडर बोलता बोलता थांबेल. बोट ओठांवर ठेवेल. बराच वेळ छताकडे बघत राहील.

मग हळूच विचारेल, "माझे कान गेलेत बहुतेक. तुम्हाला येतंय का हो काही ऐकू?"